सरांनी न केलेला चहा

सावेडी, अहिल्यानगर
११ नोव्हेंबर २०२५

आदरणीय सर,

तुम्ही हयात आहात म्हणून हे पत्र लिहिते आहे. एरवी लिहिलं नसतं, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे.

परवा, रविवारी संध्याकाळी मी मेथी निवडत बसले होते. धनश्रीचा फोन आला. ज्या वाहिनीवर मी चर्चेला बसते तिथे ती वक्ते जमवण्याचं काम करते. मुलगी चांगली आहे, फक्त तिला कायम कुठेतरी पोचायची घाई असते. म्हणाली, "मॅम, वाईट बातमी आहे. पुणतांब्याचे रंगनाथ पेटकर सर गेले. तुमचे गुरू ना ते? दोन मिनिटं फोनवरून बोलाल? लगेच जोडते." मी हो म्हणाले की नाही, आठवत नाही. कानात साबणाची जाहिरात वाजली, मग निवेदकाने माझं नाव घेतलं आणि मी बोलू लागले. मेथीची जुडी मांडीवरच राहिली.

बिबट्या, कांदा, साहित्य संमेलन, दहावीचा निकाल; विचारतील त्यावर मी टीव्हीवर बोलत आले आहे. बातमी तपासायचं काम वाहिनीचं, असं मी धरून चालले. वाहिनी धरून चालली की गावच्या बातमीदाराने तपासलं असेल. आणि गावच्या बातमीदाराने एक फोटो पाहिला होता.

फोटोचं मला नंतर तुमच्या सचिनने सांगितलं. तुमच्या पंचाहत्तरीचा फ्लेक्स पोरांनी वेशीजवळ लावला. फ्लेक्स लावून हौस भागेना म्हणून त्याला झेंडूचा हार घातला. हार असा भरगच्च की वाढदिवसाच्या शुभेच्छांची सबंध ओळ त्याच्याखाली गेली. वर तुमचा फोटो, त्यावर हार, खाली 'समस्त ग्रामस्थ, पुणतांबा'. कोणीतरी ते मोबाईलवर टिपून ग्रुपवर टाकलं आणि त्याखाली लोक जोडलेले हात टाकत गेले. पहिले हात जोडणारा बहुधा शुभेच्छाच देत असेल.

सचिनचा फोन मी बोलून झाल्यावर थोड्या वेळाने आला. तुमच्या मुलाचं नाव पाहून मी सांत्वनाची वाक्यं मनात जुळवतच फोन उचलला. तो म्हणाला, "ताई, अण्णा जेवतायत."

एवढंच म्हणाला. बातमी बघून त्याने चाकणहून आधी घरी फोन केला होता. आमच्यापैकी कोणालाही ते सुचलं नव्हतं.

मी फोन ठेवला आणि ओट्याला धरून हसत राहिले. बोलताना रडले नव्हते, ते मग रडले. टीव्ही लावून पाहिला तर तुमच्या नावाची पट्टी गायब होती आणि तिच्या जागी बाजारभाव चालले होते. कांद्याचे भाव इतक्या आनंदाने मी कधी वाचले नव्हते.

त्या दोन मिनिटांत मी काय बोलले ते आता नीट आठवत नाही. चांगलंच बोलले असेन.

पत्रच का, असं तुमच्या मनात येईल. तुम्ही फोनवर बोलत नाही हे एक. दुसरं, प्रत्येक वक्तृत्व स्पर्धेनंतर तुम्ही माझ्याकडून पत्र लिहून घ्यायचात. पहिल्या रांगेत बसून सगळं ऐकलेलं असायचं, तरी म्हणायचात, "मला दिसलं ते मला ठाऊक आहे. तुला काय दिसलं ते लिही." मी लिहून पोस्टाच्या पेटीत टाकायचे. तुम्ही रोज वर्गात समोर उभे असायचात आणि माझं पत्र आपलं निवांत, पोस्टमनच्या सायकलवरून तुमच्या घरी जायचं. तेव्हा मला ते फार विचित्र वाटायचं. परवा रात्रीपासून दुसरं काही सुचत नाही.

उत्तराची अपेक्षा नाही. विमलकाकूंना नमस्कार सांगा. तब्येतीला जपा, हे वाक्य मी आजवर कितीतरी पत्रांच्या शेवटी लिहिलं, पण त्याचा अर्थ आत्ता कळतो आहे. आणि तो हार कृपा करून काढायला सांगा.

तुमची,
यशोधरा


सावेडी
१६ नोव्हेंबर २०२५

आदरणीय सर,

काय बोलले ते आठवत नाही, असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. आठवतं. शब्दन् शब्द आठवतो, आणि तुम्हालाही तो ठाऊक आहे. सचिन सांगत होता की तुम्ही आणि काकू जेवत होतात तेव्हा समोर टीव्ही चालूच होता. तुम्ही अर्धी भाकरी ताटात ठेवून उठलात. शिवाय ते बोलणं आता पुणतांब्याच्या प्रत्येक मोबाईलवर आहे म्हणे. तेव्हा लपवण्यात अर्थ नाही.

सुरुवातीला बोलले ते खरं होतं. कारखान्याच्या वसाहतीत भीमजयंतीला मी पहिल्यांदा बोलले. माईक उंच होता म्हणून माझ्या वडिलांनी, दादांनी मला खुर्चीवर उभं केलं होतं. तुम्ही पाहुणे होतात. मी मधेच थांबले, पुढचं आठवेना, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "थांबा, मला आठवू द्या." लोक हसले. दुसऱ्या दिवशी तुम्ही आमच्या खोलीवर आलात आणि दादांना म्हणालात, "ही पोरगी आठवण्यासाठी थांबते. हिला मी घडवतो." मग स्पर्धांसाठी संगमनेर, कोपरगाव, शेवगाव, एसटीच्या खिडकीतून तुम्ही मला उसाला भाषण ऐकवायला लावायचात. ऊस टाळ्या वाजवत नाही, त्याच्यासमोर बोलता आलं तर कुठेही बोलता येईल, म्हणायचात. हे सांगताना माझा आवाज दोनदा अडकला.

मग निवेदकाने विचारलं, "मॅडम, सरांची तुमची शेवटची भेट कधी झाली होती?"

हा प्रश्न प्रत्येक श्रद्धांजलीत असतो. मी दुसऱ्यांच्या वेळी तो ऐकला आहे, त्याची उत्तरंही ऐकली आहेत. सगळे मागच्याच महिन्यात भेटलेले असतात. मी म्हणाले, "मागच्याच महिन्यात." आणि एकदा ते म्हटल्यावर पुढचं आपोआप येत गेलं, कथा लिहिताना येतं तसं. गोदावरीच्या घाटाची पायरी आली. तुम्ही आणलेला थर्मास आला. तुम्ही स्वतःच्या हाताने केलेला गुळाचा चहा आला. निघताना तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "यशोधरा, आता तू माझ्यापेक्षा चांगलं बोलतेस. मी निवांत झालो."

सर, मी हे का केलं त्याचा विचार करते आहे. कारण खरी शेवटची भेट राहात्याची होती.

माझा दुसरा कथासंग्रह आला त्या वर्षीची व्याख्यानमाला. मी वक्ता, तुम्ही अध्यक्ष. मी तासभर बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तुम्ही समारोपाला उठलात. समारोपाला उत्तर देता येत नाही, तशी पद्धतच नाही. अध्यक्ष बोलले की आभार आणि मग सगळे घरी. तुम्ही म्हणालात, "यशोधराबाई हल्ली टीव्हीवर जातात. तिथे प्रश्नाच्या आधी उत्तर तयार ठेवावं लागतं. आजही त्या तयार उत्तरं घेऊन आल्या होत्या. तासाभरात एकदाही अडखळल्या नाहीत. माझी एक विद्यार्थिनी होती, ती आठवण्यासाठी थांबायची. ती कोणाला दिसली तर कळवा."

सभागृह हसलं. वाईट हसू नव्हतं ते, पण मला मंचावर बसून ते ऐकावं लागलं. मी आजही म्हणेन की ते तुम्ही मला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. त्या रात्री तुमच्या घरी जेवायला यायचं ठरलं होतं. मी ड्रायव्हरला म्हणाले, सरळ नगरला चला. त्या भाषणाचं पत्र मी तुम्हाला लिहिलं नाही आणि तुम्हीही मागितलं नाही. दोघंही बोलण्यावर जगणारी माणसं, आणि दोघंही गप्प बसलो.

त्या रविवारी फोनवर, तुम्ही गेलात असं समजून बसले असताना, मला राहात्याची ती संध्याकाळ शेवटची होऊ द्यायची नव्हती. म्हणून मी एक दुसरी भेट रचली. तुम्ही ती ऐकाल अशी शक्यताच नव्हती.

रागवायचं असेल तर रागवा. तुम्ही रागवू शकता, एवढ्यानेही मला बरं वाटेल.

यशोधरा


सावेडी
२३ नोव्हेंबर २०२५

आदरणीय सर,

तुमचं कार्ड मिळालं. तुमचं अक्षर अजून तसंच आहे, शिरोरेघ फळ्यावर पट्टी धरून ओढल्यासारखी. मी ते फाटकाशीच उभी राहून वाचलं, मग आत येऊन वाचलं, आणि आता समोर ठेवून उत्तर लिहिते आहे. तुमचीच वाक्यं तुम्हाला परत लिहून पाठवते, कारण मला ती लिहून पाहायची आहेत.

"चि. यशोधरा, अनेक आशीर्वाद. दोन्ही पत्रं पोचली. श्रद्धांजली ऐकली. आरंभी दोनदा अडखळलीस, तिथे बरं वाटलं. मागच्या महिन्याच्या भेटीपासून पुढे एकदाही अडखळली नाहीस, तेव्हाच मी ओळखलं. हे माझ्यापुरतं झालं. आता अडचण अशी की विमलने सगळं खरं धरलं आहे. तू गावात येऊन गेलीस, घरी आली नाहीस आणि मी ते तिच्यापासून लपवलं, असा तिचा समज आहे. चहाचं तर विचारू नकोस. ती माझ्याशी जेवणापुरतं बोलते. मी सांगून पाहिलं. ती म्हणते, टीव्हीवर कशाला कोण खोटं बोलंल. तू ये आणि सांग. रंगनाथ."

सर, मी हे वाचून हसले, आणि हसताना मला काकूंचं वाईटही वाटत होतं. सचिनला फोन करून विचारलं. तो म्हणाला, आई माळ्यावर चढून थर्मास शोधत होती. घरात थर्मास कधी नव्हताच, म्हणजे अण्णांनी तो गुपचूप आणला आणि कुठेतरी दडवला, असं तिचं म्हणणं. शेजारच्या बनुबाईंना ती सांगत होती म्हणे, "जल्मात मला कपभर च्या करून दिला न्हाई, अन् घाटावर जाऊन पाजतोय. अन् ती बी च्या पिऊन, माझ्या दारावरनं निघून गेली."

तुम्ही रागावाल अशी मी तयारी केली होती. काकूंचा मी विचारच केला नव्हता.

कालचं सांगते. शेवगावला व्याख्यानमालेत बोलायला गेले होते. संयोजक काकासाहेब म्हणून आहेत, बाजार समितीत काम करतात, बोलण्यात मिस्कील. हाराचा, नारळाचा, शालीचा सगळा सरंजाम टेबलावर मांडत ते मला म्हणाले, "मॅडम, आमच्याविषयी दोन शब्द बोला, पण जरा जपून. आमी अजून हाय." मी हसले आणि चहाचा कप खाली ठेवला.

भाषण ठीक झालं. शेवटी प्रश्नांच्या चिठ्ठ्या आल्या. एका चिठ्ठीत होतं, 'पेटकर सरांशी झालेल्या घाटावरच्या भेटीविषयी आणखी सांगा.' अशा चिठ्ठीचं काय करायचं ते मला पाठ आहे. हसायचं, एक छानशी आठवण सांगायची आणि पुढची चिठ्ठी उघडायची. मी चिठ्ठी हातात धरली आणि मला काही सुचेना. सभागृहातले पंखे ऐकू येत होते. मग मी म्हणाले, "ती भेट झालीच नाही. सर गेले असं समजून मी ती मनाने रचली. आमचं बोलणं बंद आहे."

कोणी हसलं नाही, टाळीही नाही. मग तिसऱ्या रांगेतून एक म्हातारी, डोक्यावर पदर, बहुतेक नातवाबरोबर आली असावी, मोठ्याने म्हणाली, "मंग जा की आता. हायेत न्हवं ते?"

सगळं सभागृह हसलं, मीही हसले. राहात्याला हसणारं सभागृह असंच असेल, मला ते त्या दिवशी ऐकू आलं नसेल.

येताना गाडीत इतकं हलकं वाटत होतं की मी काच खाली करून उसाला मोठ्याने नमस्कार केला. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. धनश्रीलाही फोन केला, की मला दोन मिनिटं द्या, मी त्या बातमीची दुरुस्ती सांगते. ती म्हणाली, "मॅम, तो विषय आता संपलाय." मी म्हणाले, माझा सुरू झालाय. तिला काही कळलं नाही, पण पुढच्या चर्चेच्या सुरुवातीला बोलू देते म्हणाली.

रविवारी, तीस तारखेला येते. सकाळी निघून जेवणाच्या आत पोचेन. काकूंना सांगू नका. नाही तर सांगा. तुम्हीच ठरवा.

थर्मास आणू का? की त्याने प्रकरण आणखी चिघळेल?

तुमची,
यशोधरा


सावेडी
१ डिसेंबर २०२५

आदरणीय सर,

काल तुम्ही सगळं पाहिलं आहे. तरी जुन्या रीतीप्रमाणे, मला काय दिसलं ते लिहिते.

मी आले तेव्हा काकू ओट्यावर बसून सुपात हुलगे पाखडत होत्या. तुम्ही दारात उभे होतात, आत नाही आणि बाहेर नाही, आणि वर्गात उशिरा आलेल्या पोरासारखे दिसत होतात. तुम्हाला असं कधी पाहिलं नव्हतं. केस सगळे पांढरे झालेत. सदऱ्याचं वरचं बटण तुम्ही अजूनही लावता.

काकू उठल्या नाहीत. म्हणाल्या, "आली का? घावली वाट?"

मी पाया पडले, शेजारी बसले आणि सरळ सांगितलं. मी मागच्या महिन्यात आले नव्हते. घाटावर गेले नव्हते. चहा, थर्मास, सगळं मी फोनवर रचलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. सूप थांबलं नाही. मग म्हणाल्या, "गुरूला वाचवाया आली व्हय? चांगलं शिकवलंय."

तुम्ही मधे बोलायला गेलात. त्या म्हणाल्या, "तुमी गप बसा. तुमचं भाषान लई ऐकलं."

सर, मी मंत्र्यांना प्रश्न विचारले आहेत, हजार माणसांच्या सभेत बोलले आहे. पण आपण खोटं बोललो हे दुसऱ्याला पटवून देणं इतकं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं. मी जितकं नीट सांगत होते तितका त्यांचा संशय वाढत होता. शेवटी माझं बोलणं संपलं. तेव्हा काकूंनीच तोड काढली. सूप खाली ठेवलं आणि तुमच्याकडे न बघता म्हणाल्या, "च्या करा बरं. तवा केला हुता तर आता बी येईल."

तुम्ही आत गेलात. यापुढचं तुम्हाला दिसलं नाही, कारण तुम्ही स्वयंपाकघरात होतात आणि आम्ही बाहेर. म्हणून हे नीट लिहिते.

काकू मान तिरपी करून ऐकत होत्या. आत एक डबा उघडल्याचा आवाज झाला. त्या पुटपुटल्या, "ती हळद." दुसरा डबा उघडला. "शेंगदाण्याचं कूट." मग पातेलं पडलं. मग बराच वेळ काहीच नाही. काकू म्हणाल्या, "लायटर शोधतोय. खिळ्याला टांगल्यालाय, डोळ्यासमोर." मग तुम्ही गॅस पेटवला, आणि त्यांनी दचकून पदर सावरला. चौथ्या की पाचव्या डब्याला तुम्ही तिथून विचारलंत, "विमल, पावडर कशात असते गं?"

काकू माझ्याकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा हळूहळू सैल होत गेला, सुपातल्या हुलग्यांतून खडे काढावेत तसा एकेक करून राग निघाला. म्हणाल्या, "न्हाई. ह्यानं न्हाई केला."

"नाहीच केला काकू."

"म्हंजी तू खरंच खोटं बोललीस."

"हो."

त्यांनी पदराला हात पुसले. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मंग बरं झालं बाई. मला वाटलं, आलीस अन् दारावरनं गेलीस. एकदा गेली हुतीस तशी. शेंगोळं केलं हुतं त्या दिशी. सकाळपतूर झाकून ठेवलं हुतं."

सर, राहात्याची ती संध्याकाळ मी इतक्या वेळा मनात उगाळली. त्यात तुम्ही होतात, मी होते, सभागृह होतं. झाकून ठेवलेलं ते पातेलं एकदाही नव्हतं. तुमच्याही मनात ते नसावं. मी काकूंचा हात तसाच राहू दिला.

तेवढ्यात तुम्ही चहा घेऊन आलात. ताटात तीन कप, आणि ताटातही बराचसा चहा. रंग कारखान्याच्या मळीसारखा. काकूंनी घोट घेतला. तुम्ही उभे. मी तुमच्याकडे पाहिलं, निकाल लागायच्या आधी मंचाखाली उभी असताना माझी असायची तशी तुमची मुद्रा होती.

"साखर न्हाई ह्याच्यात," काकू म्हणाल्या.

"गूळ घालायचा होता. सापडला नाही."

"हं," म्हणाल्या, आणि सबंध कप प्यायल्या. मग माझ्याकडे वळल्या, "हेला पावडर सापडंना अन् तू म्हनतीस ह्यानं गुळाचा केला. लेखिका हाय का कोन तू? जरा इचार करून लिहीत जा." तुम्ही तेव्हा हसलात. तुमचं हसणं मी विसरले नव्हते, पण आवाज विसरले होते.

जेवायला हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे होते. मी तीन वेळा वाढून घेतले, शेवटचे काकूंनी न विचारताच वाढले.

दुपारी आपण तिघं घाटावर गेलो. मी आणलेला थर्मास काकूंनी स्वतः भरला होता, तो हातात धरून त्या पुढे चालत होत्या. वाटेत बनुबाई भेटल्या तर त्यांना थर्मास दाखवून म्हणाल्या, "ह्यो बघ. आता आला." बनुबाईंना अर्थातच काही कळलं नाही. धरणातून पाणी नुकतंच सुटलं होतं, गोदावरीला पाणी बरं होतं. मी टीव्हीवर सांगितलेल्या पायरीवर बसायचा विचार केला, पण तिथे कोणाच्या तरी गोधड्या वाळत होत्या. आपण दोन पायऱ्या खाली बसलो. माझ्या कथेत गोधड्या नव्हत्या. खऱ्या घाटावर असायच्याच.

तुम्ही बराच वेळ पाण्याकडे बघत होतात. मग म्हणालात, "सगळं झालं. ते वाक्य राहिलं."

मी विचारलं, कोणतं.

"तू माझ्या तोंडी घातलंस ते. तू माझ्यापेक्षा चांगलं बोलतेस, ते."

मी म्हणाले, "राहू द्या सर."

"राहूच देतो. ते मी गेल्यावर सांग. तेव्हा तपासायला कोणी नसेल."

काकू म्हणाल्या, "म्या असंल." आणि आपण तिघंही हसलो, गोधड्या उचलायला आलेली बाई वळून बघेपर्यंत.

राहात्याचा विषय मी काढणार नव्हते. तुम्हीच काढलात, पण नाव न घेता. चप्पल घालता घालता, माझ्याकडे पाठ करून तुम्ही म्हणालात की पंचाहत्तरीचा कार्यक्रम जानेवारीत करायचं ठरलं आहे. पोरं पत्रिका छापायला निघालीत. अध्यक्ष ठरायचा होता. "तुझं नाव घालायला सांगितलंय."

मला आधी कळलंच नाही. मला वाटलं, वक्ता म्हणून. मग लक्षात आलं. मी म्हणाले, "सर, अध्यक्ष शेवटी बोलतात."

"मला माहीत आहे," तुम्ही म्हणालात. "मी सत्काराला उत्तर देईन. मग तू बोल. त्यानंतर फक्त आभार."

चपलेचा अंगठा तुम्हाला सापडत नव्हता, म्हणून तुम्ही खाली बघत होतात. मीही खालीच बघत होते. तुम्ही क्षमा मागितली नाहीत, आणि मला ती नकोच होती. समारोप माझ्याकडे देऊन तुम्ही पायऱ्या चढू लागलात. मला त्या पायऱ्या आणखी असत्या तरी चाललं असतं.

तेव्हा सर, जानेवारीत मी येते. तयारी करणार नाही. शाल, नारळ होईल, तुम्ही बोलाल, लोक टाळ्या वाजवतील आणि माझी पाळी येईल. तुमच्याविषयी काय बोलायचं ते मला माहीत नाही. मी उभी राहीन आणि म्हणेन, थांबा, मला आठवू द्या. लोक हसले तर हसू दे. तुम्ही मंचावर बसून ऐकत असाल. मला एवढं पुरे आहे.

राहात्याच्या भाषणाचं पत्र अजून द्यायचं बाकी आहे. ते या आठवड्यात लिहून पाठवते. फार नाही, एक पान होईल. त्यात काकूंचं पातेलंही असेल.

तुमची,
यशोधरा

ता. क. पाकीट बंद करत होते आणि काकूंचा फोन आला. काय झालं काकू, विचारलं, तर म्हणाल्या, "काय न्हाई. आज सकाळी पुन्यांदा केला त्यानं. साखर हुती."